निरोगी क्रमांक एक

त्या वर्षी लॅबमधलं झाडून सगळं तपासून झालं. मशीन तपासलं, मशीनचा दिवा तपासला, पाणी तपासलं, काचेच्या ट्यूबा तपासल्या, अ‍ॅसिडची टाकी उपसून पाहिली. फरशी पुसणाऱ्या बाईंच्या बादलीतलं फिनेलसुद्धा संशयावरून जिन्याखाली हद्दपार झालं. तपासायची राहिली ती एकटी नॉर्मलताई. आणि जे सापडायचं होतं ते नेमकं तिच्यात होतं. गर्भाशयाच्या तोंडाशी, निदान अकरा महिने.

नॉर्मलताई हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते हॉस्पिटलने ठेवलं आणि असं चिकटलं की हजेरीपटावरच्या नावाने कुणी हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघायची, कोण बाई आली म्हणून. त्याचं कारण असं की लॅबमध्ये रसायनाची नवी बाटली उघडली, मशीन दुरुस्त होऊन आलं किंवा नुसता आकड्यांचा संशय आला, तरी आधी एक निरोगी रक्त लावून पाहावं लागतं. ते बरोबर आलं तर पुढे जायचं. असलं रक्त कंपन्या बाटलीत भरून पाठवतात, पण ती बाटली गरजेच्या दिवशी हजर असेल तर ते हॉस्पिटल कसलं! मग ताई पांढऱ्या कोटाची बाही वर करायची, डावा हात टेबलावर ठेवायची, पट्ट्याचं टोक दातात धरायची आणि उजव्या हाताने स्वतःलाच सुई टोचायची. हे सव्वीस वर्षं चाललं होतं. तिचे आकडे लॅबला पाढ्यांसारखे पाठ होते. झिंक ब्याण्णव, कॉपर एकशे चार. मशीनने ब्याण्णव दाखवले की मशीन शहाणं. नाही दाखवले की मशीनच्या नावाने शंख.

"मशीन चुकेल, ताई चुकायची नाही," असं लॅबचे प्रमुख सर पाहुण्यांना सांगायचे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि मग दिवसभर सगळ्यांशी जरा मऊ बोलायची.

एरवी मऊ बोलणं तिला फारसं परवडत नसे. रक्तातल्या धातूंचं काम म्हणजे सोवळ्याच्या वरताण. झिंक म्हणजे आपलं जस्त, आणि ते कुठे नसतं? धुळीत असतं, रबरी बुचात असतं, नळाच्या पाण्यात असतं, हातमोज्याच्या भुकटीत असतं. काच चोवीस तास अ‍ॅसिडमध्ये बुडवायची, मग शुद्ध पाण्याने सहा वेळा खंगाळायची. पाच वेळा खंगाळलेली ट्यूब ताई नुसती उजेडात धरून ओळखते, अशी तिची ख्याती होती. तसं काही ओळखता येत नसतं. पण धुणाऱ्याचा चेहरा तिला ओळखता येई.

तिची सहकारी होती भिंगरी. वय छत्तीस, दोन मुलांची आई, पायाला चाकं आणि तोंडाला विश्रांती नाही. एकदा ती लग्नघरातून थेट कामावर आली.

"तोंडाला पावडर लावलीस?" ताईने दारातच अडवलं.

"थोडीशी हो ताई."

"त्यात झिंक असतं. तुझ्या एका गालात माझे दहा पेशंट वाहून जातील."

"मग काय नटूच नको म्हणता?"

"नट की! नट आणि दाराबाहेर उभी राहा."

भिंगरी तोंड धुऊन आली. ताईने तिला फडकं दिलं आणि वर म्हणाली, "अशीच बरी दिसतेस. पावडरीत तू भिंत दिसतेस." भिंगरीला हे लाडाचं बोलणं आहे हे कळायला पहिली दोन वर्षं गेली होती.

तर त्या वर्षी सरांनी एक अभ्यास काढला. समोरच्या इमारतीत कॅन्सरचा वॉर्ड होता. तिथल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या साठ बायका आणि साठ निरोगी बायका, दोन्ही गटांच्या रक्तातले धातू आणि एंझाइमं मोजायची. सरांनी ताईला आणि भिंगरीला समोर बसवून समजावलं. सर समजावायला लागले की चष्मा कपाळावर चढवत आणि मग तो शोधत.

"शरीरात सतत काहीतरी जळत असतं," सर म्हणाले. "जळण म्हटलं की ठिणग्या आल्या. त्या ठिणग्या पेशींना भाजतात. त्या विझवायला तीन एंझाइमं आहेत. तीन बंबच समजा. पण बंब चालायला धातू लागतो. एकाला तांबं आणि जस्त, दुसऱ्याला सेलेनियम, तिसऱ्याला लोह. या बायकांच्यात जस्त आणि सेलेनियम कमी दिसतं, तांबं वाढलेलं दिसतं, बंब थंडावलेले दिसतात. आपण बघायचं, आपल्याकडे तसंच आहे का."

"म्हणजे धातू कमी पडले म्हणून हा आजार होतो?" भिंगरीने विचारलं.

"आजार होतो तो विषाणूने. पण तो विषाणू कितीतरी जणींना येतो आणि आपला आपण निघून जातो. थोड्याजणींनाच धरून बसतो. तो का बसतो, यात धातूंचा हात आहे का, की आजार बसल्यावर धातू घटतात, ते कुणाला पक्कं माहीत नाही. माझा चष्मा कुठाय?"

"कपाळावर," दोघी एका सुरात म्हणाल्या.

रक्त घ्यायचं काम ताईकडे आलं, आणि रक्ताबरोबर फॉर्म भरायचंही. रोज सकाळी ती ट्रे घेऊन अंगण ओलांडायची, खाटेशेजारी स्टुलावर बसायची आणि विचारायची. वय काय? मुलं किती? पाळी गेली का? गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का? अंगावरून पाणी जातं का? नवऱ्याजवळ गेल्यावर डाग लागतो का? हा प्रश्न ती हळू आवाजात विचारायची. कधीपासून? शेवटची तपासणी केव्हा? या शेवटच्या प्रश्नापुढे बहुतेक फॉर्मांवर एक आडवी रेघ असे.

फॉर्मात नसलेला एक प्रश्न मात्र ताई पदरचा घालायची. "मग इतके दिवस काय झोपला होतात?"

बायका कधी हसायच्या, कधी फरशीकडे बघायच्या. कुणी म्हणायची, दुखत नव्हतं हो. कुणी म्हणायची, घरात दुसऱ्याचं आजारपण होतं. अकरा नंबरच्या आजी म्हणाल्या, "सांगायचं कुणाला? सून लाजते, मुलगा घाबरतो, आणि डॉक्टर तरणाताठा." ताईने त्यांनाही ऐकवलं आणि त्यांची उशी सारखी करून दिली. तिचं रागावणं आणि उशी सारखी करणं हे नेहमी एकाच हाताने चालायचं.

निरोगी साठांची यादी मात्र ताईने टेबलाशी बसूनच सुरू केली. पहिलं नाव अर्थातच तिचं. गेल्या प्रत्येक अभ्यासात निरोगी क्रमांक एक तीच होती. मधुमेहाचा अभ्यास, थायरॉइडचा अभ्यास, काहीही असो. तिचा फॉर्म तयारच असायचा. सहा वर्षांपूर्वी एकदा नीट भरलेला. दर वेळी त्याची झेरॉक्स काढायची, वर तारीख बदलायची, वय बदलायचं. तक्रार, नाही. रक्तस्राव, नाही. औषधं, नाही. या वेळीही तिने तेच केलं. एका हाताने झेरॉक्स फिरवत होती, दुसऱ्या हाताने भिंगरीला ट्यूबा कशा धरू नयेत ते दाखवत होती.

तेव्हा तिची पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि तिला अधूनमधून डाग दिसायला लागून आठ महिने.

तिने ते लपवलं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. लपवायला आधी स्वतःला कबूल करावं लागतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती म्हणाली, जिने फार झाले. दुसऱ्यांदा म्हणाली, उष्णता झाली. त्यानंतर तिने काही म्हणणंच सोडलं आणि पर्समध्ये लॅबमधल्या कापसाचा एक गुंडाळा ठेवायला लागली. रोज सकाळी खाटेवरच्या बायकांना जो प्रश्न विचारायचा, तो आपल्यालाही लागू आहे हे तिच्या डोक्यात येत नव्हतं. प्रश्न विचारणारी बाई वेगळी आणि खाटेवरची बाई वेगळी, मधे स्टूल आहे, ट्रे आहे, पांढरा कोट आहे.

पहिली कुरबूर झिंकने केली. ब्याण्णवच्या जागी ऐंशी आले.

"स्टँडर्डची बाटली बघ," ताई म्हणाली. स्टँडर्ड म्हणजे ज्यातलं झिंक नेमकं माहीत असतं ते पाणी. त्याच्यावर मशीनचा काटा जुळवतात. बाटलीचं बूच खरंच थोडं सैल निघालं. ताईचं म्हणणं असं की पाणी उडालं, स्टँडर्ड घट्ट झालं, म्हणून बाकीचे आकडे खाली आले. ऐकायला पटणारं होतं. आणि असल्या गोष्टी ताईनेच सगळ्यांना शिकवल्या होत्या. तिने हिशेब करून एक गुणक काढला, एक पूर्णांक पंधरा शतांश. येईल त्या आकड्याला याने गुणायचं. गुणून तिचे ब्याण्णव झाले आणि लॅबमध्ये शांतता नांदली. त्या गुणकाने पुढे सतरा बायकांचं झिंक फुगून वहीत गेलं.

त्याच सुमाराला घरी तिच्या नवऱ्याने टेप बदलला. नवरा शिंपी. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं दुकान. माणूस अबोल, तोंडात कायम दोन टाचण्या, त्यामुळे बोलायची सोयही नव्हती. दरवर्षी तो बायकोला कामावरचे दोन पांढरे कोट शिवून द्यायचा. या वर्षी माप घेताना त्याने टाचण्या काढल्या.

"अगं, कमरेत दोन इंच गेले."

"कुठे गेले?"

"ते मला काय माहीत? टेपात नाहीत एवढं खरं."

"टेप बघा तुमचा. माझ्या सासूबाईंच्या वेळचा आहे तो. ताणला असेल."

त्याने टेप खिडकीत धरून पाहिला. कापडी टेप, आकडे पुसट झालेले. ताणलेला असू शकत होता. त्याने तो कात्रीने कापून टाकला आणि बाजारातून नवा आणला. नव्या टेपानेही दोन इंच कमीच आले. पण तोवर कापड बेतून झालं होतं आणि पुढचं गिऱ्हाईक दारात उभं होतं.

तीन महिन्यांनी एका रसायनाची नवी बाटली उघडली तेव्हा मात्र गुणक लावूनसुद्धा ताईचं झिंक सदुसष्टच आलं. कॉपर एकशे एकोणपन्नास. आणि शेजारच्या टेबलावर एंझाइमांचं वेगळंच मशीन, त्यावर तिचे तिन्ही बंब निम्म्यावर.

आता लॅबमध्ये हलकल्लोळ उडाला. झिंकचा दिवा वेगळा, कॉपरचा दिवा वेगळा. दोन्ही एकदम कसे बिघडतील? आणि पलीकडच्या मशीनला तर दिवाच निराळ्या जातीचा. भिंगरीने विजेच्या दाबावर ठपका ठेवला. सरांनी पाण्यावर ठेवला. ताईने भिंगरीवर ठेवला. टाकी उपसली ती तेव्हा, आणि फिनेलला वनवास घडला तोही तेव्हाच. अखेर कंपनीचा इंजिनिअर बोलावला. तो टाय लावून आला, म्हणून टायवाला. त्याने मशीनचं पोट उघडलं, दोन दिवस डोकं आत घातलं आणि टाय मागे टाकून बाहेर आला.

"मशीनला काही झालेलं नाही, मॅडम."

"मग ब्याण्णव का येत नाहीत?"

"ब्याण्णव कुणाचे?"

"माझे!"

"एकदा सँपल बदलून बघा ना."

ताईला हे फार लागलं. सव्वीस वर्षांत तिच्या रक्ताला कुणी असं बोललं नव्हतं. "तुमच्या कंपनीच्या जन्माआधीपासून हे सँपल आहे," ती म्हणाली. टायवाल्याने नम्रपणे सही मागितली आणि सटकला.

तो गेल्यावर भिंगरीने गुपचूप आपलं रक्त लावलं. गुणक न लावता. झिंक शहाण्णव, कॉपर एकशे दहा, एंझाइमं जागच्या जागी. ती कागद घेऊन आली.

"ताई, मशीन बरोबर आहे वाटतं. माझं आलं की."

"तुझं रक्त चुकीचं असेल," ताई म्हणाली. भिंगरी हसली. ताईही हसली. मग हसता हसता तिने कागद घेतला आणि सवयीने वही उघडून आकडे लिहायला लागली. वहीच्या डाव्या पानावर निरोगी बायका, उजव्या पानावर आजारी. आपले आकडे ती गुणक काढून, मूळचे होते तसे, डावीकडे लिहीत होती. अठ्ठावन्न. एकशे एकोणपन्नास. पेन थांबलं. त्या पानावर खालपासून वरपर्यंत असा आकडा दुसरा नव्हता. उजव्या पानावर असल्या आकड्यांची रांग लागली होती.

भिंगरी डबा खायला गेली. ताई गेली नाही. तिने कपाटातून कोरा फॉर्म काढला, झेरॉक्स न केलेला, आणि टेबलाशी बसली. समोरचं रिकामं स्टूल थोडं जवळ ओढून घेतलं. मग वॉर्डात विचारायची त्याच आवाजात विचारलं, "वय?"

"चोपन्न."

"पाळी गेली का?"

"पाच वर्षं झाली."

"गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का?"

इथे तिने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "दिसतं."

"कधीपासून?"

बोटं मोजावी लागली. थोरल्या पुतणीचं लग्न, त्याच्या आदल्या आठवड्यात. "अकरा महिने."

"वजन?"

टेप आठवला. "घटलंय."

"शेवटची तपासणी केव्हा?"

तळमजल्यावर ही लॅब आणि तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या तपासणीची खोली. मधे मोजून सत्तावन्न पायऱ्या. तिथून येणाऱ्या काचपट्ट्यांचे ट्रे तिने स्वतः कितीदा खाली आणले होते. दर बुधवारी, दारात नाव सांगितलं की झालं, दहा मिनिटांचं काम. तिने त्या प्रश्नापुढे आडवी रेघ ओढली. रेघ सरळ आली. हात तिचा चांगलाच होता.

मग सवयीने तोंडून निघून गेलं, "मग इतके दिवस काय..." आणि ती फरशीकडे बघत बसली.

एवढं कळल्यावर कुणीही धावत तिसरा मजला गाठला असता. ताईने आधी सतरा बायकांचे आकडे दुरुस्त केले. गुणक तिने आपल्या रक्तावरून काढला होता, म्हणजे तो गुणक म्हणजे तिचा आजारच, आणि तो सतरा अनोळखी बायकांच्या नावावर चढला होता. नुसतं भागून चालणार नाही, म्हणून फ्रीजमधून सतराही नमुने काढले, पुन्हा लावले, वहीत लाल शाईने खोडून नवे लिहिले आणि प्रत्येक खोडीशेजारी सही केली. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सरांनी चष्मा डोळ्यावर असूनही कपाळावर शोधला.

"वर जा," ते म्हणाले. "आत्ता."

वरच्या डॉक्टर मॅडम ताईच्याच वयाच्या. वीस वर्षांची चहाची ओळख. तपासायला पाच मिनिटं लागली. आधी त्या बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. ताईला ते थांबणं ऐकू आलं.

"कपडे कर," मॅडम म्हणाल्या. "तुकडा घेतलाय. रिपोर्ट आला की बोलू."

"मी लॅबवाली आहे. मला आकडा सांगा."

"तिसरा टप्पा असेल."

पुढे स्कॅन झाला आणि एका बाजूची किडनीही फुगलेली निघाली. लघवीची वाट अडली होती. टप्पा तिसराच.

स्कॅनच्या दिवशी ताईने आपला कागद मॅडमपुढे केला. झिंक, कॉपर, एंझाइमं. "तीन महिन्यांपूर्वी ऐंशी होतं. तेव्हा मी गुणक लावला. तेव्हाच आले असते तर?"

मॅडमनी कागद उलटा करून ठेवला. "यावरून हा आजार कळत नाही ग. झिंक शंभर कारणांनी उतरतं. ऐंशी तर कुणाही धडधाकट बाईचं असेल. हा कागद नसता तरी तुझ्याजवळ अकरा महिने डाग होताच ना? मला तेवढा पुरला असता."

 असं कुणी ताईला बोलावं, आणि तेही तिच्याच लयीत, याची तिला सवय नव्हती.

घरी शिंपीबुवांना सांगितलं तेव्हा ते कोटाला काज करत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून गादीत खोचल्या.

"दोन इंच," ते म्हणाले. "मला दिसलं होतं."

"तुम्हाला दिसलं होतं. मी टेपावर घातलं."

"मी टेप कापला." हे ते नंतरही कधीकधी मधेच म्हणायचे, दुसरं काहीतरी बोलणं चाललेलं असताना. मी टेप कापला.

सरांनी तिचं नाव अभ्यासातून गाळायचं ठरवलं. ताई ऐकेना.

"गाळता कशाला? डावीकडचं खोडा, उजवीकडे लिहा."

"आजारी साठच घ्यायच्यात, आणि त्या भरत आल्या, ताई."

"मग एकसष्ट करा. तुमचा अभ्यास काय दाराची चौकट आहे, एक जादा मावणार नाही?"

डाव्या पानावर क्रमांक एकची जागा तिने स्वतः लाल शाईने खोडली आणि सही केली. उजवीकडे एकसष्ट.

मग पाच आठवडे किरण, दर आठवड्याला सलाइनमधून औषध आणि शेवटी आतून किरण. कॅन्सरच्या वॉर्डात पहिल्या दिवशी ती पिशवी घेऊन गेली तेव्हा बायकांनी दंड पुढे केले.

"आज ट्रे नाही आणला?"

"आज मी राहायला आले," ताई म्हणाली.

 खिडकीशी अकरा नंबरच्या आजी होत्या, तोवर नुसत्या हाडांची मोळी राहिलेल्या. त्या कोपरावर उठल्या आणि ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय हो रक्तवाल्या बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके दिवस काय झोपला होतात?"

सगळी रांग हसली. वाईटपणा नव्हता त्यात. आजींना हसताना खोकला लागला तरी त्या हसत होत्या. ताईही हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग उठून तिने आजींची उशी सारखी केली. नंतर नऊ दिवसांनी ती खाट रिकामी झाली. चादर बदलून त्याच दुपारी तिथे दुसरी बाई आली, आणि तिचा फॉर्म कुणी भरायचा म्हणून भिंगरी दारात घुटमळली, तेव्हा ताईने सलाइन लावलेल्या हातानेच तो भरला. पदरचा प्रश्न विचारला नाही.

उपचार संपून चार महिने झाले. ताईने नोकरी सोडली नव्हती, नोकरीनेच तिला रजेवर ठेवलं होतं. अभ्यासातल्या बायकांचं रक्त उपचारानंतर पुन्हा एकदा मोजायचं होतं. एकसष्ट नंबरही आला. नवरा फाटकापर्यंत सोडायला आला आणि बाकावर टेकला. आत येताना तिने नवा कोट घातला होता. शिंपीबुवांनी तो पुन्हा बेतला होता, चार इंच आत घेऊन.

आता स्टुलावर ती बसली आणि सुई भिंगरीच्या हातात.

"डावा नको. डावा संपला," ताई म्हणाली. "उजव्या मनगटाशी बघ. घाबरतेस काय, मी इथे नाहीये असं समज."

"तुम्ही इथेच आहात म्हणून तर घाबरतेय."

तिसऱ्या खेपेला रक्त आलं. भिंगरीने मशीन लावलं. ज्योत पेटली. आकडा आला, भिंगरीने तो पाहिला आणि मशीनच्या आड उभी राहिली.

"ताई, ही ट्यूब मला नीट खंगाळलेली वाटत नाही. परत लावते."

"किती वेळा खंगाळलीस?"

"सहा."

"आधी नुसतं पाणी लावलंस, ते शून्य आलं?"

"आलं."

"स्टँडर्ड?"

"बरोबर आलं. पण ताई, दिवा जुना आहे, आणि सकाळपासून विजेचं..."

"मशीन ठीक आहे ग," ताई म्हणाली. "लिही."

झिंक बावन्न. भिंगरीने लिहिलं. आकडा पाण्याने जरा पसरला, तो तिने कोटाच्या बाहीने टिपला. वरच्या मॅडमनी आदल्या सोमवारीच स्कॅन पाहिला होता आणि यकृतावरचे दोन ठिपके ताईला बोटाने दाखवले होते, तिने मागितलं म्हणून. तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. बाकावरच्या माणसाला संध्याकाळी सांगायचं होतं.

तिने टेबलाचा खण उघडला, कोरा फॉर्म काढला.

"बस. वय छत्तीस, ते मला ठाऊक आहे. आता मशीनला निरोगी रक्त तुझंच लावता ना?"

"हो. माझंच आणि बाटलीतलं."

"पाळीच्या मधे रक्त दिसतं का?"

"नाही हो ताई."

"नवऱ्याजवळ गेल्यावर?"

"ताई!"

"लाज नंतर. डाग?"

"नाही."

"शेवटची तपासणी केव्हा?"

भिंगरी, जिच्या तोंडाला कधी विश्रांती नसायची, ती फरशीकडे बघायला लागली.

"आज बुधवार आहे," ताई म्हणाली. "चल."

"उद्या जाते ना, शपथ. सँपल पडलीत."

"सँपल फ्रीजमध्ये ठेव."

लिफ्ट बंद होती. सत्तावन्न पायऱ्या. दर वळणावर ताई कठड्याला धरून थांबायची आणि भिंगरी मागे वळून म्हणायची, आपण परत जाऊ या का. ताईला तेवढा दम नव्हता, म्हणून ती नुसती हाताने पुढे चल म्हणायची. वर खोलीबाहेर सातजणी बसल्या होत्या. ताईने दारात भिंगरीचं नाव सांगितलं, हजेरीपटावरचं, पूर्ण.

नंबर आला तेव्हा भिंगरीने कोट काढून ताईच्या मांडीवर टाकला आणि आत गेली. ताई बाकावर बसून राहिली. कोटाचं खालून दुसरं बटण तुटलं होतं, धागा नुसता लोंबत होता. तिने खिसे चाचपले. बटण सापडलं. खाली फाटकाशी शिंपी बसलाच आहे, ती मनाशी म्हणाली, आणि दाराकडे बघत बटण मुठीत धरून ठेवलं.